एकाच व्यक्तीचे दोन हात, दोन वेगळे निर्णय: कार्पल टनेल सिंड्रोमचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. ओपीडीत वारंवार दिसणारे चित्र एकत्र करून ते बांधले आहे आणि मोजमापांचे आकडेही त्या चित्राला साजेसे घेतले आहेत. कार्पल टनेल सिंड्रोम म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस (मज्जातंतू) चेपली जाण्याचा आजार. यात उजवा आणि डावा हात एकाच आजाराच्या दोन टप्प्यांवर आहेत, म्हणून हे चित्र निवडले. "कार्पल टनेल आहे, पट्टा बांधा" आणि "कार्पल टनेल आहे, ऑपरेशन करून टाका" हे दोन्ही सरसकट सल्ले इथे निम्मेच खरे ठरतात.

तक्रार

वय ४९, महिला, कामाचा हात उजवा. तयार कपड्यांच्या कारखान्यात कात्रीने कापड छाटणे आणि शिवणीचे लोंबणारे दोरे छोट्या कटरने तोडणे, हे दिवसाचे सात-आठ तास. वजन उंचीच्या मानाने जास्त. थायरॉइड कमी असल्याचे निदान जुने, पण गोळ्या गेले काही महिने बंद, कारण "बरं वाटत होतं".

चौदा महिन्यांपूर्वी उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊ लागल्या. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची, हात झटकला किंवा पलंगाखाली लोंबकळत सोडला की पाच-दहा मिनिटांत उतार पडायचा. पुढे दुचाकीवर हँडल धरताना आणि फोन कानाला लावताना तेच होऊ लागले. गेले चार महिने अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके दिवसभर बधिर असतात. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, सुई हातात आहे की पडली ते बघितल्याशिवाय कळत नाही. रात्रीच्या कळा मात्र पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत, त्यामुळे त्यांना आजार उतरणीला लागला असे वाटत होते.

हा समज फार महागात पडतो. कळा कमी होऊन बधिरपणा कायमचा झाला, तर बहुतेक वेळा आजार बरा होत नसतो. नस थकत चाललेली असते.

डाव्या हाताच्या मुंग्या पाच महिन्यांच्या. फक्त रात्री, आठवड्यातून तीन-चारदा. दिवसा हा हात पूर्ण ठीक.

आधीच्या उपचारांची यादी ओळखीची आहे. मानेचा एक्स-रे काढला, त्यात झीज दिसली, मानेचा पट्टा दिला गेला. पन्नाशीच्या आसपास मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांना सापडतेच, तक्रार असो वा नसो. एक्स-रेवरून हाताच्या मुंग्यांचे खापर मानेवर फोडता येत नाही. मग बी-१२ ची इंजेक्शने झाली, वेदनाशामक गोळ्या झाल्या. शेवटी दुकानातून मनगटाचा पट्टा आणला, तीन आठवडे लावला आणि त्रास वाढला म्हणून काढून ठेवला. या पट्ट्याकडे पुढे यायचे आहे.

बोगद्यात काय घडते

मनगटाच्या आठ छोट्या हाडांची एक खोलगट कमान असते आणि तिच्यावर तळहाताच्या बाजूने जाड अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमधल्या बोगद्यातून (कार्पल टनेल) बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस, मीडियन नर्व्ह, जाते. हाड हलत नाही, अस्थिबंध ताणला जात नाही. त्यामुळे आतले काहीही थोडे सुजले की दाब वाढतो आणि नऊ कंडरांच्या शेजारी सर्वात मऊ असलेली नस चेपली जाते.

मनगट सरळ असताना निरोगी बोगद्यातला दाब साधारण २ ते १० मिमी पारा असतो. तो ३० च्या आसपास गेला की नसेतला सूक्ष्म रक्तप्रवाह अडू लागतो. या आजाराच्या हातांत मनगट सरळ असतानाच दाब ३० च्या घरात सापडतो. मनगट पूर्ण वाकवले किंवा पूर्ण मागे उलटे केले की तो ९० च्याही वर जातो. झोपेत मनगट नकळत मुडपले जाते, आडवे झाल्यावर दिवसा पायांत उतरलेला द्रव हातांकडेही वळतो आणि बोटांची हालचाल थांबल्याने तो पुढे ढकलला जात नाही. रात्रीच्या जागरणाचे कारण हे आहे. हात झटकल्याने बरे वाटते तेही यामुळेच.

सुरुवातीला दाब हटला की नस पूर्ववत होते. पुढे तिच्यावरचे मायलिनचे आवरण झिजते आणि संदेश मंदावतो. त्याहीपुढे आतले तंतू मरतात. पहिल्या दोन टप्प्यांत परतीची वाट चांगली असते, तिसऱ्यात ती लांब आणि अर्धवट असते. उपचार ठरवताना आजाराच्या नावापेक्षा नस यांतल्या कोणत्या टप्प्यावर आहे, याला जास्त वजन द्यावे लागते.

तपासणी

"सगळा हात बधिर होतो," असे त्या म्हणाल्या. बहुतेक जण असेच सांगतात. म्हणून कागदावर हाताचे चित्र देऊन त्यावर रंगवायला सांगितले, तेव्हा करंगळी कोरी राहिली. मग टोकदार काडीने अनामिकेच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या तपासल्या. मधल्या बोटाकडची कड बोथट, करंगळीकडची कड तल्लख. एकाच बोटाची अशी वाटणी मानेतल्या नसेच्या दाबात सहसा होत नाही. मनगटाजवळ मात्र होते, कारण तिथे अनामिकेची अर्धी बाजू मीडियन नर्व्हकडे आणि अर्धी अल्नर नर्व्हकडे (करंगळीच्या बाजूची नस) असते.

आणखी एक खूण फार उपयोगी, पण घाईत सुटते. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावरच्या त्वचेची संवेदना शाबूत होती. त्या त्वचेची फांदी बोगद्याच्या अलीकडेच, मनगटाच्या साधारण ५ सेंमी वर, मुख्य नसेपासून सुटते आणि अस्थिबंधाच्या वरून जाते. बोटे बधिर पण हा उंचवटा शाबूत, तर अडथळा बोगद्यात. उंचवटाही बधिर असेल तर अडथळा वर कुठेतरी शोधायला हवा.

दोन्ही तळहात समोर न बघता बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहिले. उजवा उंचवटा डाव्यापेक्षा चपटा होता. हात टेबलावर उताणा ठेवून अंगठा छताच्या दिशेने उचलायला लावला आणि वरून बोटाने दाबले. उजवा अंगठा सहज खाली गेला. इथे अंगठा तर्जनीपासून बाजूला पसरायला सांगितला तर चाचणी फसते, कारण ते काम दुसऱ्या नसेच्या स्नायूंनाही जमते.

फॅलेन चाचणीत मनगटे वाकवून ६० सेकंद धरायची असतात. उजवीकडे २० सेकंदांत आणि डावीकडे ४५ सेकंदांत मुंग्या आल्या. मनगटावर अंगठ्याने ३० सेकंद दाबून बघायची डरकन चाचणी दोन्हीकडे होकारार्थी. नसेवर टिचकी मारायची टिनेल चाचणी डावीकडे होकारार्थी, उजवीकडे नकारार्थी. जास्त बिघडलेल्या हातात टिनेल नकारार्थी यावी यात विसंगती नाही. थकलेली नस टिचकीला उत्तर देत नाही. तर्जनीच्या टोकावर दोन टोचण्या वेगळ्या ओळखू येण्याचे अंतर उजवीकडे ९ मिमी, डावीकडे ५. सहापर्यंत ठीक मानतात.

हे सगळे सीटीएस-६ या गुणपद्धतीत बसवता येते. मीडियनच्या क्षेत्रातल्या मुंग्यांना ३.५, रात्रीच्या मुंग्यांना ४, उंचवटा सुकणे किंवा अशक्त होणे याला ५, फॅलेनला ५, दोन टोचण्यांतला फरक हरवण्याला ४.५ आणि टिनेलला ४, असे एकूण २६. बारा किंवा अधिक गुण म्हणजे निदानाची शक्यता ८० टक्क्यांच्या वर. उजव्या हाताला २२, डाव्याला १६.५.

मान वळवून, मागे झुकवून दाबल्यावर हातात कळ उतरली नाही, कोपर सरळ करण्याची ताकद आणि रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे होते. पायांत मुंग्या नव्हत्या. बी-१२ च्या कमतरतेत किंवा मधुमेही नसविकारात त्या बहुधा पायांपासून सुरू होतात.

नसांची विद्युत तपासणी (एनसीएस) आणि रक्त

गुण इतके स्पष्ट असताना नसांची विद्युत तपासणी निदानासाठी लागत नाही. इथे ती केली ती उजव्या नसेचे नुकसान किती आहे हे कळावे आणि ऑपरेशनआधीची नोंद राहावी म्हणून. हात थंड असेल तर निरोगी नसही मंद दिसते, म्हणून त्वचेचे तापमान ३२ अंश सेल्सिअसपर्यंत आणून मगच मोजणी केली. अहवालात हाताचे तापमान लिहिलेले नसेल तर विचारायला संकोच करू नये.

उजवीकडे अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला ६.४ मिलिसेकंद लागले (मर्यादा साधारण ४.४), तर्जनीचा संवेदी प्रतिसाद मिळालाच नाही आणि सुईच्या तपासणीत स्नायूला जाणारे नसेचे तंतू तुटल्याची चिन्हे दिसली. डावीकडे स्नायूपर्यंतचा वेळ ठीक होता, पण अनामिकेत मीडियन आणि अल्नर यांच्या वेळेत ०.८ मिलिसेकंदांचा फरक आला. अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत चालतो. दोन्ही अल्नर नसा निरोगी, म्हणजे सर्वांगाचा नसविकार नाही.

सोनोग्राफीत उजव्या नसेचे क्षेत्रफळ बोगद्याच्या तोंडाशी १७ चौ. मिमी भरले. दहाच्या वर गेले की शंका घेतात. गाठ किंवा जादा रक्तवाहिनी आढळली नाही. रक्तातली साखर मर्यादेत, टीएसएच (थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक) मात्र १८, म्हणजे मर्यादेच्या बरेच वर.

थायरॉइडचा विचार इथे जोडीचा आहे, पर्यायी नाही. थायरॉइड कमी असताना ऊतींत द्रव आणि चिकट पदार्थ साठतो, बोगदा आणखी भरतो. गोळ्या सुरू केल्याने डाव्या हाताला चांगला फायदा होण्याची शक्यता होती. उजव्याचे मेलेले तंतू गोळीने परत येणार नव्हते.

दोन निर्णय

उजव्या हातात सतत बधिरपणा, सुकलेला स्नायू आणि तंतू तुटल्याची चिन्हे. अशा वेळी पट्टा लावून तीन महिने वाट बघणे म्हणजे उरलेले तंतू पणाला लावणे. ऑपरेशन ठरले.

स्टेरॉइडचे इंजेक्शन उजव्या हाताला का दिले नाही, हा प्रश्न रास्त आहे. इंजेक्शनने काही आठवड्यांत आराम पडतो हे नक्की. पण तो पुष्कळ जणांत टिकत नाही आणि वर्षाच्या आत त्रास परततो. सौम्य ते मध्यम आजारात ही चांगली सोय आहे. स्नायू सुकत असताना मिळालेला आराम मात्र फसवतो, कारण कळा थांबतात आणि ऑपरेशन पुढे ढकलले जाते.

डाव्या हाताला रात्रीचा पट्टा, थायरॉइडच्या गोळ्या आणि कामात बदल. सहा आठवड्यांत फरक न पडल्यास इंजेक्शन, सहसा ४० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन एकदा, असे आधीच ठरवून ठेवले. सुई टोचताना बोटांत विजेसारखी कळ गेली तर रुग्णाने लगेच सांगायचे आणि डॉक्टरांनी सुई मागे घ्यायची. औषध नसेत जाता कामा नये. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते.

पट्टा का फसला होता

त्यांनी आणलेला पट्टा तपासणीला मागवला. तळहाताच्या बाजूच्या खिशात धातूची पट्टी होती आणि ती कारखान्यातूनच २०-२५ अंश मागे वळलेली. दुकानात मिळणारे बरेच पट्टे असेच असतात. मनगट अशक्त असताना किंवा मोडलेले हाड जुळल्यावर हा कोन उपयोगाचा आहे. बोगद्यात तो दाब वाढवतो. त्यातच वेल्क्रो घट्ट आवळलेले, मधला बंद नेमका मनगटाच्या वळीवर. पट्टा असा लावल्यावर रात्र बिघडली नसती तरच नवल.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. धातूची पट्टी खिशातून बाहेर काढायची, टेबलाच्या सपाट पृष्ठभागावर दाबून सरळ करायची आणि परत सरकवायची. पट्टा घातल्यावर बाजूने बघायचे: हाताची मागची बाजू आणि कोपराकडचा भाग एका रेषेत हवा, वर पेन ठेवला तर दोन्हींना टेकायला हवा. पट्ट्याची पुढची कड तळहाताच्या बोटांकडच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपली पाहिजे, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. प्रत्येक बंदाखाली एक बोट सहज जायला हवे आणि मनगटावरचा बंद सर्वांत सैल.

तो रोज रात्री लावायचा, फक्त त्रास होईल त्या रात्री नव्हे. सहा आठवड्यांच्या आत निकाल लावायचा नाही. दिवसा काम करताना लावू नये: पट्ट्याविरुद्ध जोर लावून कात्री चालवली की ताण कोपर आणि खांद्यावर जातो. आठवड्यात किती रात्री जाग आली एवढीच नोंद कॅलेंडरवर ठेवायची. "थोडं बरं आहे" यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो. काहींना घट्ट मूठ मिटून झोपायची सवय असते. मूठ मिटली की तळहातातले छोटे स्नायू बोगद्यात ओढले जातात. मनगट सरळ ठेवूनही रात्र सुधारली नाही तर बोटांचे बुडाचे सांधेही सरळ धरणारा पट्टा करून बघतात.

कामात पहिला बदल कात्रीला धार लावण्याचा होता. बोथट कात्रीला जास्त जोर लागतो, आणि मनगट वाकलेले असताना जोराने पकडणे हाच या आजाराशी जोडलेला खरा कामाचा धोका आहे. कंप पावणारी अवजारे हा दुसरा. त्यानंतर आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री, जाड मूठ, आणि दोरे तोडण्याचे काम सलग न ठेवता दुसऱ्या कामाशी आलटून पालटून. कीबोर्डला मात्र जितका दोष दिला जातो तितका पुरावा नाही.

कंडरा सरकवण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा, दर वेळी पाच-सात आवर्तने: बोटे सरळ, मग नुसती पेरे वाकवून हुक, मग पूर्ण मूठ, मग बुडातून काटकोन, मग टोके सरळ ठेवून चपटी मूठ. प्रत्येक स्थिती दोन-तीन सेकंद. मुंग्या वाढल्या तर आवर्तने निम्मी. हा पूरक उपाय आहे. एकट्याच्या बळावर आजार हटवील असा पुरावा नाही. बी-६ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितले. त्यांचा फायदा सिद्ध नाही आणि दीर्घकाळ घेतल्यास त्या स्वतःच नसा बिघडवतात.

ऑपरेशन आणि नंतरचे आठवडे

उजव्या हाताचे उघडे ऑपरेशन झाले. फक्त तळहात आणि मनगटात लिडोकेन अॅड्रेनॅलिनसह टोचून अर्धा तास थांबले. अॅड्रेनॅलिनने रक्तस्राव कमी होतो, म्हणून दंडाला आवळपट्टा लागला नाही. अनामिकेच्या रेषेत सुमारे ३ सेंमीचा छेद, आणि अस्थिबंध डोळ्यांसमोर पूर्ण लांबीभर कापला. त्रास न हटण्याचे वारंवार सापडणारे कारण म्हणजे हा अस्थिबंध, विशेषतः बोटांकडच्या टोकाला, अर्धवट कापला जाणे. कापताना करंगळीच्या बाजूने राहायचे, कारण अंगठ्याच्या स्नायूंची फांदी दुसऱ्या बाजूला असते आणि तिची वाट माणसागणिक थोडी बदलते.

बोटे मोकळी राहतील अशी हलकी पट्टी बांधली. त्याच संध्याकाळपासून बोटांची पूर्ण मूठ आणि पूर्ण उघडझाप, पहिले दोन दिवस हात छातीच्या वर. ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे मनगट पट्ट्यात बांधून ठेवण्याचा फायदा दिसलेला नाही. बोटे मात्र ताठरतात. टाके बाराव्या दिवशी काढले.

रात्रीच्या कळा पहिल्या आठवड्यातच गेल्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र रुग्ण घाबरून आल्या: तळहाताच्या दोन्ही कडांना टेकले की दुखते आणि मूठ आधीपेक्षा कमजोर. पकडीचा जोर ऑपरेशनआधी २२ किलो होता, आता १४. हे अपेक्षितच असते. अस्थिबंध कापल्यावर हाडांची कमान किंचित रुंदावते, आणि अंगठ्याचे व करंगळीचे स्नायू ज्या अस्थिबंधावर टेकलेले असतात त्याचा आधार काही काळ सैल होतो. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण ऑपरेशन बिघडले असे धरून चालतो. व्रण पूर्ण भरल्यावर दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटे व्रणावर गोलाकार मालिश आणि टेकताना मऊ गादीचा हातमोजा, एवढे पुरले. तीन महिन्यांत पकड २० वर आणि सहा महिन्यांत २४ वर आली. हलकी कामे पहिल्या आठवड्यापासून, कात्री सहाव्या आठवड्यानंतर, तीही सुरुवातीला अर्धा दिवस.

तातडीने परत यायची कारणे त्यांना लिहून दिली होती: बधिर करण्याच्या औषधाचा असर उतरल्यावरही बधिरपणा आधीपेक्षा जास्त असणे, ताप किंवा पू, आणि हात सुजून तकतकीत होऊन साध्या स्पर्शानेही भाजल्यासारखे दुखणे.

सहा महिन्यांनी उजव्या तर्जनीवर दोन टोचण्यांचे अंतर ९ वरून ६ मिमीवर आले. हूक लागतात. मधल्या बोटाचे टोक अजून थोडे बोथट आहे. अंगठा वर उचलण्याची ताकद सुधारली, पण उंचवट्याचा चपटेपणा पूर्ण भरला नाही आणि बहुधा भरणारही नाही. चार महिने आधी आल्या असत्या तर हा फरक पडला असता.

डाव्या हाताला सरळ केलेल्या पट्ट्याने सहाव्या आठवड्यापर्यंत जागरण आठवड्यात चार रात्रींवरून एकीवर आले. आठ आठवड्यांनी टीएसएच मर्यादेत आला. इंजेक्शनची गरज पडली नाही. सध्या पट्टा बंद आहे. रात्रीच्या मुंग्या आठवड्यात दोनदा परतल्या तर तो सहा आठवडे पुन्हा सुरू करायचा, आणि डाव्या हाताचे एक जरी बोट दिवसा सलग बधिर राहू लागले तर पट्ट्याची वाट न बघता त्याच आठवड्यात तपासणीला यायचे, असे ठरले आहे.